पडशाचे कूळ

पाडवा आणि पडसे एकाच घरातले आहेत, हे मला एका चैत्री पाडव्याला, नाक चोंदलेले असताना कळले. प्रतिपदा, पडिवआ, पाडवा ही साखळी प्राकृतात तपासत होतो. तिच्याशेजारी ‘पडिसद्द’ भेटला: आपला पडसाद, मूळ प्रतिशब्द. पडछायेच्या मागे प्रतिच्छाया. ‘प्रति’तल्या रकाराने पुढच्या तचा ड केला आणि स्वतः नाहीसा झाला. मग पडसे? सुश्रुताने उत्तरतंत्रात ज्याला स्वतंत्र अध्याय दिला, तो प्रतिश्याय!

‘अंथरुणात पाडते ते पडसे’ ही फोड मोहक आहे, पण खोटी. पडशात माणसे नाक पुसत कामावर जातात; पाडतो तो फ्लू. शिवाय पडणेमधून शेवटचा ‘से’ निघत नाही, ‘श्याय’मधून सरळ निघतो. अडचण एकच. प्रतिश्याय पुल्लिंगी, पडसे नपुंसकलिंगी. बोलीत ‘क’ जोडलेले ‘प्रतिश्यायक’ नपुंसकात वापरले जात असावे, असा माझा तर्क आहे.

खरा वाद ‘श्याय’चा. धातुपाठात श्यै म्हणजे जाणे, म्हणून जुने टीकाकार सांगतात की कफ वायूकडे जातो तो प्रतिश्याय. मला हे पटत नाही. पाणिनीचे सूत्र पाहा: ‘द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः’. पातळ पदार्थ थिजला की याच धातूचे रूप ‘शीन’, जसे थिजलेले तूप. स्पर्शाने गार लागला की ‘शीत’. म्हणजे आपले ‘शीत’ आणि पडसे एकाच धातूची लेकरे! नाकाचे म्हणाल, तर पहिल्या दिवशी पाणी गळते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट होतो. हे थिजणे नव्हे तर काय? ग्रीकांनी याच दुखण्याला खाली वाहण्यावरून नाव दिले, त्यातूनच इंग्रजी ‘कटार’ आला. त्यांनी पहिला दिवस पाहिला, आपल्या वैद्यांनी चौथा.

विरुद्ध बाजूचा पुरावाही मोठा आहे. पाणिनी लगेच पुढे ‘प्रतेश्च’ म्हणतो. ‘प्रति’ लागल्यावर होणाऱ्या ‘प्रतिशीन’ रूपासाठी वेगळे सूत्र. काशिकाकारांच्या मते ते थिजणे आणि स्पर्श सोडून इतर अर्थांसाठी आहे. तरीही मी माझ्या जागी ठाम आहे. व्याकरणात अर्थ सुटला, तरी रोग्याच्या नाकात तो टिकून होता.

सर्दी फारसी ‘सर्द’वरून, तिथेही गारवाच. इन्फ्लुएंझा इटालियन, 1743च्या साथीबरोबर इंग्रजीत आला. बहुतेक पुस्तके त्याचा अर्थ ग्रहताऱ्यांचा प्रभाव असा देतात. दुसरा पक्ष म्हणतो, मूळ शब्दप्रयोग ‘थंडीचा प्रभाव’ होता, आणि माझे मत त्याच पारड्यात. 1918मध्ये हा ताप मुंबई बंदरातून देशभर गेला आणि त्याने कोट्यवधी नसली तरी कोटीहून अधिक माणसे नेली. माणसातला त्याचा विषाणू 1933मध्ये लंडनात वेगळा करता आला. पडशाचे विषाणू निराळे, दोनशेहून अधिक, त्यांत ऱ्हायनोव्हायरस पुढे.

थंडीने पडसे होत नाही, विषाणूने होते, हे आता शाळेतली पोरेही सांगतात. पण नाकाच्या आत श्वासाने 33 अंशांच्या आसपास गारवा राहतो, आणि ऱ्हायनोव्हायरस 37 अंशांपेक्षा याच गारव्यात जोमाने वाढतो.