पळस्प्याचा फाटा आणि तापलेलें इंजिन

मुंबईकडून येणारा मोठा रस्ता पनवेल मागें टाकून पळस्पे येथें आला कीं दुभंगतो. एक वाट चौक, खालापूर, खोपोली अशी गांवें घेत बोरघाटाच्या पायथ्याशीं जाते. दुसरी कर्नाळ्याच्या सुळक्याजवळून पेणकडे वळून कोंकणांत उतरते आणि गोंव्यापर्यंत पोंचते. प्रवाशाला हा फाटा म्हणजे चहा घेण्याची जागा. मालमोटार हांकणाराला मात्र ती निर्णयाची जागा आहे. येथपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट. पुढें एका अंगास बोरघाट, आणि दुसऱ्या अंगास, बराच प्रवास झाल्यावर, पोलादपुरापलीकडचा कशेडी घाट. ज्या जुन्या गाडीचें इंजिन पळस्प्यापर्यंतच तापलें, तिला घाटांत घालावी कीं नाहीं, हा प्रश्न येथेंच सोडविलेला बरा. येथें टाळलेला प्रश्न पुढें एखाद्या वळणावर, मागें गाड्यांची रांग लागली असतां, उभा राहतो आणि त्या वेळीं त्याची किंमत फार पडते.

बोरघाटाचा रस्ता मोटारींसाठीं जन्मला नाहीं. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खालीं येई आणि पनवेलच्या बंदरांतून गलबतांनीं मुंबईस जाई. १८३० सालीं, सर जॉन मालकम हे मुंबईचे गव्हर्नर असतां, चाकांच्या गाड्या चढूं शकतील असा रस्ता या घाटांतून खुला झाला. १८६३ मध्यें आगगाडीहि घाट चढूं लागली. ३७ फुटांस १ फूट हा तिचा चढ आगगाडीच्या मानानें भयंकरच. मागून जादा इंजिनें लावून गाडी वर ढकलावी लागे. शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें साहेबांना ही वाट दाखविली अशी आख्यायिका आहे, आणि जुन्या रस्त्यावरील त्याच्या देवळापाशीं नाणें टाकल्यावांचून पुढें न जाणारे चालक पुष्कळ.

आगगाडीमुळें ओसरलेलें रस्त्याचें महत्त्व मोटारींनीं परत आणलें. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईंत मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. दुसरें महायुद्ध संपल्यावर सैन्यानें वापरून टाकलेल्या गाड्या बाजारांत आल्या. १९५४ मध्यें टाटांनीं जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें जमशेदपुरास डिझेलच्या मालमोटारी बनविण्यास आरंभ केला, आणि पुढें याच जातीच्या गाड्या या रस्त्यावर सर्वत्र दिसूं लागल्या. १९७३ मध्यें वाशीचा खाडीपूल होईपर्यंत मुंबईहून निघालेल्या गाडीला ठाणें आणि मुंब्र्यावरून वळसा घेऊन पनवेलीस यावें लागे. म्हणजे घाट दिसण्यापूर्वींच ती चांगली तापलेली असे.

इंजिन तापावें हा त्याचा रोग नव्हे, स्वभाव आहे. तेल जाळून जी उष्णता निघते तिचा सुमारें तिसरा हिस्सा चाकांच्या उपयोगीं पडतो, तिसरा धुराबरोबर जातो, आणि उरलेला लोखंडांतच राहूं पाहतो. तो बाहेर काढणें हें पाण्याचें काम. कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडींत पाणी नुसतें उकळून वाफ होऊन जाई. १८८८ मध्यें त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या जातीच्या गाडींतून गेल्या, तेव्हां वाटेंत मिळेल तेथें पुन्हां पुन्हां पाणी भरावें लागलें. मोटारीच्या इतिहासांतला हा पहिला दूरचा प्रवास पाण्याच्या शोधांतच झाला म्हटलें तरी चालेल. पुढें १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनीं मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. असंख्य बारीक नळ्यांमुळें थोड्या पाण्यांत पुष्कळ उष्णता वाऱ्यास देतां येऊं लागली, आणि तेंच पाणी फिरून फिरून वापरतां येऊं लागलें. आजच्या मालमोटारींतहि तत्त्व हेंच आहे.

घाटांत या व्यवस्थेवर केवढा भार पडतो याचा हिशेब करण्यासारखा आहे. खोपोलीहून खंडाळ्यास जातांना गाडी सुमारें ५०० मीटर वर चढते. १२ टन वजनाची गाडी एवढी उचलण्यास जवळजवळ ६ कोटी ज्यूल काम पडतें, आणि साधारण तेवढीच उष्णता पाण्याच्या वांट्यास येते. ती वाऱ्यांत गेली नाहीं, तर तिनें उकळत्या पाण्यापैकीं पंचवीस-सव्वीस लिटरांची वाफ होईल. त्यांतच वर जातां जातां हवेचा दाब कमी होतो. खंडाळ्याच्या उंचीवर उघडें पाणी १०० ऐवजीं सुमारें ९८ अंशांवर उकळतें. जुन्या, दाबाचें झांकण नसलेल्या गाड्यांच्या तोंडांतून घाटमाथ्यावर वाफ निघे ती यामुळें. पुढच्या बाजूस टांगलेली कॅनव्हासची पाण्याची पिशवी आणि क्लीनरच्या पायापाशीं पाण्याचा डबा, हें त्या काळच्या गाडीचें नित्याचें सामान होतें. गंमत अशी कीं, याच डोंगरावरून लोणावळ्याच्या तलावांचें पाणी खालीं सोडून १९१५ पासून खोपोलीस टाटांची वीज तयार होऊं लागली.

यामुळें एक समजूत रूढ झाली: गाडी तापली कीं दोष घाटाचा, आणि घाटाचा नसेल तर रेडिएटरचा. या समजुतीपायीं कितीएक मालकांनीं कर्ज काढून नवे रेडिएटर बसविले, आणि गाड्या पुन्हां तशाच तापल्या. निरोगी गाडी पुरत्या भारानिशीं घाट चढते, कांटा थोडा वर जातो, आणि माथ्यावर उतरतो. घाटांत उकळते ती गाडी बहुधा सपाटीवरच आजारी असते.

जाणता मिस्त्री म्हणूनच पाना उचलण्याआधीं विचारतो, गाडी तापली केव्हां आणि कोठें? वाहनांच्या रांगेंत उभी असतां तापली आणि चालूं लागतांच निवली, तर दोष वाऱ्याचा. पंख्याचा पट्टा सैल पडला आहे किंवा घासून गुळगुळीत झाला आहे. चालत्या गाडीला समोरचा वारा मिळतो म्हणून तेवढ्यापुरती उणीव झांकली जाते. याच्या उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगानें जातांना तापली तर पाण्याचा प्रवाह अपुरा आहे: नळ्या आंतून क्षारानें बुजल्या आहेत, बाहेरून चिखलानें आणि गवताच्या काडीकचऱ्यानें लिंपल्या आहेत, किंवा रेडिएटरच्या तळाचा रबरी नळ मऊ पडून पंपाच्या ओढीनें आंत चिमटला जात आहे. हा शेवटचा दोष मोठा फसवा. गाडी उभी करून पाहावें तर नळ पूर्ववत् फुगलेला!

सकाळीं सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत कांटा वर गेला, तर पाणी कमी आहे किंवा थर्मोस्टॅटची झडप मिटलेलीच राहिली आहे. वरचा नळ पोळतो आणि खालचा गार, अशा स्थितींत पाणी फिरत नाहीं हें हातालाच कळतें. इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, रेडिएटरच्या पाठीवरून तळहात जवळ धरून फिरविला तर बुजलेल्या नळ्यांचा पट्टा थंड लागतो. कोठेंहि थेंब न पडतां पाणी रोज उणें होत असेल, तर मात्र गोष्ट गंभीर. थंड इंजिनाचें झांकण काढून तें सुरू करावें. पाण्यांतून बुडबुडे सतत येत राहिले, किंवा तेल ताकासारखें पांढुरकें झालेलें दिसलें, तर हेड गॅस्केट फुटलें आहे. अशा गाडीनें पळस्प्याच्या पुढें जाऊं नये.

केवळ चढावर तापणाऱ्या गाडीचीं कारणें कधीं इंजिनाबाहेरहि सांपडतात. एखाद्या चाकाचा ब्रेक घासत असतो, आणि इंजिन भाराबरोबर ब्रेकशींहि झुंजत असतें. चारी चाकांच्या तुंब्यांजवळ हात नेला तर एक निराळें तापलेलें लागतें. कधीं दोष चालकाचा असतो. तेल वांचविण्यासाठीं तो वरच्या गिअरांत गाडी रेटतो. इंजिन मंद फिरतें, म्हणून पंखा आणि पंपहि मंद फिरतात, आणि नेमक्या त्याच वेळीं भार सर्वांत अधिक असतो. वेळींच खालचा गिअर घातला तर कांटा उतरतो. आणि कधीं कांटाच खोटा असतो, हें विसरूं नये.

उपायांची घाई रोगाहून घातक ठरते. पुढच्या काळच्या गाड्यांच्या रेडिएटरला दाबाचें झांकण आलें. अर्धा बार दाबाखालीं पाणी सुमारें ११० अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकण काढतांच दाब जातो, आणि तेंच पाणी क्षणांत वाफ होऊन उसळतें. त्यानें क्लीनर पोरांचे हात आणि तोंडें भाजल्याच्या हकीकती प्रत्येक घाटांत ऐकूं येतात. पोरगा शिकाऊ, घाई चालकाची, आणि भाजतो तो पोरगा. तापलेल्या लोखंडावर विहिरीचें गार पाणी ओतल्यास डोकें तडकतें. थांबावें, इंजिन भार नसतां थोडा वेळ हळू फिरूं द्यावें, तासाभरानें झांकणास हात लावावा. परंतु नाशवंत माल भरलेल्या चालकास हा तासच महाग वाटतो.

दुसरी खोड थर्मोस्टॅट काढून फेंकण्याची. उष्ण देशांत या झडपेचें काय काम, असा प्रश्न गॅरेजांत अजूनहि विचारला जातो. झडप काढली कीं इंजिन नीट ऊब धरीत नाहीं, तेल अधिक जळतें, आणि सिलिंडर लौकर झिजतात. कित्येक इंजिनांत तर हीच झडप उघडतांना आडवाट बंद करते. ती नसली म्हणजे बरेंच पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनांतच फिरत राहतें, आणि थंड व्हावी म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेनें गाडी घाटांत अधिक तापते.

२००२ पासून द्रुतगति महामार्ग पूर्णपणें वाहतुकीस खुला आहे. १८३० चा अमृतांजन पूल २०२० मध्यें पाडला गेला. नव्या मालमोटारी इंजिन तापूं लागतांच दिवा लावून आणि शक्ति आंखडून चालकास थांबवितात. जुन्यांना ती सोय नाहीं. त्यांच्यापैकीं एखादी झांकणाखालीं सूं सूं करीत पळस्प्याच्या फाट्यावर रस्त्याच्या कडेस लागते. क्लीनर चाकामागें दगड लावतो, आणि मिस्त्री पाना पिशवींतच ठेवून, रांगेंत तापली कीं धांवतांना, एवढें प्रथम विचारून घेतो.