कोरड्या पायांची कहाणी

एप्रिल-मे महिन्यात न्यू इंग्लंडमधल्या किंवा अपस्टेट न्यू यॉर्कमधल्या एखाद्या नदीकाठच्या रस्त्याने जाताना हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. नुकत्याच वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात एक गृहस्थ कमरेइतके बुडून तासन् तास उभे असतात. हातातली लांब काठी संथपणे मागेपुढे झुलत असते आणि चेहऱ्यावर थंडीने काकडल्याचे चिन्हही नसते. मागच्या सीटवरून मुले विचारतात, "त्यांना थंडी वाजत नाही का?" उत्तर त्यांच्या अंगातल्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीत आहे. इंग्रजीत 'वेड' म्हणजे पाण्यातून चालणे, म्हणून हिला 'वेडर्स' म्हणतात. मराठी कानाला त्यात दुसरेच 'वेड' ऐकू आले, तर तेही अगदीच चुकीचे नाही!

आपल्याकडच्या कोळ्याला किंवा भोयाला अशा पोशाखाची गरज पडली नाही. आपल्या नद्यांचे पाणी उबदार असते. लंगोटी लावून किंवा धोतर खोचून पाण्यात उतरले की झाले. इथला ट्राउट मासा मात्र थंड पाण्याचा रहिवासी. तो बहुधा प्रवाहाच्या मध्याजवळ खडकाच्या आडोशाला थांबतो. काठावर झाडी असेल तर दोरी मागे फेकताना फांद्यांत अडकते, म्हणून माणसालाच नदीत उतरावे लागते.

ही सोय होण्यासाठी आधी रबराचा प्रश्न सुटावा लागला. १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये विरघळवलेल्या रबराचा थर देऊन जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि हिवाळ्यात कडक. यावर १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी चार्ल्स गुडइयर यांना उपाय सापडला. रबरात गंधक मिसळून ते तापवले की ते लवचिकही राहते आणि टिकतेही. १८४४ मध्ये त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले, पण पैसा मिळाला नाही. १८६० मध्ये ते कर्जबाजारी अवस्थेतच वारले. आपल्या गाडीच्या टायरवर त्यांचे नाव दिसते खरे, पण ती कंपनी १८९८ साली दुसऱ्यांनी काढली आणि केवळ आदर म्हणून त्यांचे नाव घेतले.

या रबरी कापडाचे लांब मोजे आणि विजारी एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले हौशी मासेमार वापरू लागले. वरून खिळे ठोकलेले जड बूट चढवायचे. पाय कोरडे राहिले आणि मासेमार काठावरून नदीच्या पोटात आला.

त्याबरोबर एक भीतीही आली. वेडर्समध्ये पाणी शिरले की त्याच्या वजनाने माणूस तळाला जातो, किंवा विजारीत हवा कोंडून पाय वर आणि डोके खाली होते, असे सर्रास सांगितले जाई. ली वुल्फ हे अमेरिकेतले नामवंत मासेमार. पकडलेला मासा पुन्हा नदीत सोडावा, या विचाराचे ते आद्य पुरस्कर्ते. १९४७ साली त्यांनी या समजुतीची परीक्षा घेतली. व्हर्माँटमधून न्यू यॉर्कमध्ये वाहत येणाऱ्या बॅटनकिल नदीत त्यांनी वेडर्स घालून पुलावरून चक्क उडी मारली आणि सुखरूप वर आले.

कारण शाळेतल्या भौतिकशास्त्राचेच आहे. पाण्यात असताना विजारीतल्या पाण्याचे वजन आपल्याला ओढत नाही, कारण आत आणि बाहेर एकच पाणी असते. ते वजन जाणवते काठावर चढताना. खरा धोका असतो प्रवाहाचा, गारठ्याचा आणि दगडांत पाय अडकण्याचा. म्हणूनच आजही वेडर्सवर कमरेला घट्ट पट्टा बांधायला सांगतात. त्याने आत पाणी शिरण्याचा वेग कमी होतो. वाहून जाऊ लागल्यास धडपडून उभे राहायचे नाही. उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे आणि हळूहळू काठाकडे सरकायचे.

पुढचा इतिहास आरामाचा आहे. रबरी विजारीत बाहेरचे पाणी येत नसे, पण आतला घामही जात नसे. १९३० साली ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले. त्याच्या फेसाळ, जाड प्रकाराचे उबदार वेडर्स १९८०च्या दशकात लोकप्रिय झाले. तळ्याच्या काठाशी गार पाण्यात न हलता उभे राहणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच सोय झाली. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून सच्छिद्र पडदा मिळवला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे ७०० पटींनी मोठी असतात. त्यामुळे घामाची वाफ बाहेर जाते आणि पाणी आत येत नाही. १९९०च्या दशकात असे 'श्वास घेणारे' वेडर्स बाजारात आले.

दीडशे वर्षांच्या या सुधारणांमध्ये विचार होता तो वापरणाऱ्याचा: तो कोरडा कसा राहील, उबदार कसा राहील, घसरणार कसा नाही. नदीचे काय, हा प्रश्न फार उशिरा आला, आणि तो आला बुटाच्या तळव्यातून.

शेवाळलेल्या दगडांवर पाय घट्ट बसावा म्हणून बुटांना फेल्टचा, म्हणजे लोकर किंवा कृत्रिम धागे दाबून केलेल्या बुरणुसासारखा, तळवा लावत. त्याची पकड उत्तम, पण तो पाणी शोषतो आणि लवकर वाळत नाही. त्या ओलाव्यात एका नदीतले सूक्ष्म जीव दुसऱ्या नदीपर्यंत जिवंत पोहोचू शकतात. २००४ साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील वायाऊ नदीत 'डिडिमो' हे शेवाळ सापडले. नदीचा तळ तपकिरी गोधडीने झाकल्यासारखा दिसू लागला. २००८ मध्ये त्या देशाने मासेमारीसाठी फेल्टच्या तळव्यांवर बंदी घातली. २००७ मध्ये व्हर्माँटच्या नद्यांतही डिडिमो दिसले आणि २०११ मध्ये व्हर्माँट व मेरिलंड या राज्यांनी फेल्टवर बंदी आणली.

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' असे आपण म्हणतो, पण शास्त्रज्ञांनी डिडिमोचे मूळ शोधले. ब्रॅड टेलर आणि मॅक्स बॉथवेल यांनी २०१४ मध्ये असे मांडले की उत्तर अमेरिकेतल्या अनेक भागांत हे शेवाळ पूर्वीपासूनच आहे. पाण्यातला फॉस्फरस अत्यंत कमी झाला की ते फोफावते. म्हणजे इथे सगळा दोष बुटांचा नव्हता. २०१६ मध्ये व्हर्माँटने आपली बंदी मागे घेतली.

मग बुटांना निर्दोष म्हणावे का? तसेही नाही. १९८७ साली आयडाहोच्या स्नेक नदीत न्यूझीलंडची एक चिमुकली गोगलगाय आढळली. ती तांदळाच्या दाण्याएवढीही नसते, नराशिवाय प्रजनन करते, आणि एकच मादी नव्या नदीत वसाहत उभी करू शकते. ती इथल्या अनेक नद्यांत पसरली असून बुटांच्या चिखलातून तिचा प्रवास होतो. न्यूझीलंडला आपल्या नद्यांत परक्या शेवाळाची चिंता, आणि अमेरिकेला न्यूझीलंडच्या गोगलगायीची!

कायदे येतील आणि जातील, पण बूट धुणे आपल्या हातात आहे. न्यूझीलंडने आपल्या लोकांना तीन शब्द शिकवले: तपासा, धुवा, वाळवा. यंदा उन्हाळ्यात मुलांना घेऊन मासेमारीला जाणार असाल, तर राज्याचा परवाना काढा, वेडर्सवर पट्टा बांधा आणि काठी घेऊन पाय चाचपत टाका. परतताना बुटांचा चिखल त्याच नदीकाठी काढा आणि वेडर्स व बूट पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या नदीत उतरू नका. आपले पाय कोरडे ठेवण्यासाठी माणसाने इतकी खटपट केली. बूट वाळवण्याएवढी तसदी नदीसाठीही घेऊ या.