खालील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा

स्मरणिका समितीने मला 'शाळेच्या इतिहासावर काहीतरी' लिहायला सांगितलं. इमारत, देणगीदार, मुख्याध्यापक, निकाल हे सगळं माझ्यापेक्षा जाणत्या मंडळींनी याच अंकात लिहिलं आहे. मी फक्त एका प्रश्नाचा इतिहास लिहिणार आहे. मराठीच्या पेपरात तो यायचा: 'खालील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा. योग्य शीर्षक द्या व तात्पर्य लिहा.' गरीब लाकूडतोड्या – नदीकाठचं झाड – कुऱ्हाड पाण्यात – देवता प्रसन्न. आठवलं? मधल्या रेघा आपण भरायच्या आणि खाली लिहायचं, प्रामाणिकपणाचं फळ मिळतं.

हे तात्पर्य आलं कुठून, याचा शोध घ्यायला गेलं की दोनशे वर्षं मागे जावं लागतं. मराठीत सुरुवातीला छापल्या गेलेल्या गोष्टी बहुतेक शिकण्या-शिकवण्यासाठी होत्या आणि दुसऱ्या भाषांतून आणलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी मराठीत निघाल्या. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या छापखान्यातून १८१४ साली 'सिंहासनबत्तिशी' आणि १८१५ साली 'हितोपदेश' आला. मुंबईत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी नव्या शाळांसाठी १८२८ साली 'इसपनीतिकथा' आणि 'बाळमित्र' तयार केले. मुलाला वाचायला यावं आणि वळणही लागावं, असं दुहेरी काम त्या गोष्टींकडे होतं. शेवटी तात्पर्य हवंच.

मराठी लेखक स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या गल्लीतल्या गोष्टी लिहायला लागले ते बरंच नंतर. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांचं 'मनोरंजन' आलं, त्याचाच १९०९ सालचा दिवाळी अंक. तिथून पुढे आपली कथा मासिकांच्या आधाराने वाढली. पण शाळा मागे राहिली होती असं मला म्हणवत नाही, कारण लिहिणाऱ्यांत शाळामास्तर होते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत होते. आपल्याकडच्या शाळांत पुढे वर्षानुवर्षं चाललेल्या हस्तलिखितांचं मूळ मला तिथे दिसतं. मग चाळीसच्या दशकात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर आले आणि कथेतून तात्पर्य जवळजवळ हद्दपार झालं.

प्रश्नपत्रिकेत मात्र ते ठाण मांडून बसलं. मी पेशाने संगणकवाली. प्रोग्राम तपासताना अपेक्षित उत्तर आधी ठरलेलं असलं की काम किती सोपं होतं, हे मला रोज दिसतं. पेपरांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकाला मी दोष देत नाही. शीर्षक आहे, मुद्दे आले, तात्पर्य आहे, झाले गुण. खरी गोष्ट तशी तपासता येत नाही.

आणि तेच आपल्या बाईंनी करायचं ठरवलं. (नाव छापू नका असं त्यांनी समितीला बजावलं आहे. तुम्हाला सांगायची गरजही नाही.) १९९४ साली आपण नववीत होतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला बाई 'माणदेशी माणसं' काढून वाचायच्या. मग पुस्तक मिटून म्हणायच्या, "तुमच्या गल्लीत रोज घडणारी एक गोष्ट सांगा. आता ती एक दिवस घडली नाही असं समजा. मग काय झालं?" एवढाच मुद्दा. राजे, ऋषी, लाकूडतोडे यांना बंदी. 'एका गावात' अशी सुरुवात केली की "कुठल्या गावात? इचलकरंजी म्हणायला लाज वाटते का?" हे ठरलेलं. काही पालकांनी तक्रार केली, की अभ्यासक्रमात नाही ते शिकवतात. बाईंनी पुढच्या शनिवारी पुन्हा पुस्तक काढलं.

त्या वर्षीच्या हस्तलिखितात प्रत्येक तुकडीची एकच गोष्ट घ्यायची होती. आपल्या तुकडीतून माझी निवडली गेली. डोंगरातल्या वाडीवरची मुलगी, हरवलेली शेळी, पाऊस. सुंदर अक्षरात चार पानं, वर रंगीत चित्र. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या.

ती गोष्ट माझी नव्हती. नगर वाचनालयातल्या एका जुन्या, पाठकोरं फाटलेल्या दिवाळी अंकातून मी ती उतरवली होती. नावं बदलली आणि शेवट बदलला.

बाईंना ते हस्तलिखित बांधून झाल्यावर कळलं. त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं, तेव्हा तो अंक टेबलावर होता. मला वाटलं, आता वडिलांना बोलावणार. बाई म्हणाल्या, "शेवट तू बदललास तो मूळच्यापेक्षा बरा आहे. तेवढा तुझा. आता आधीचा भागही तुझाच घेऊन ये." त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. मीही आजवर सांगितली नाही.

मागे कधीतरी मी स्वतःची समजूत घालत असे, की मराठी गोष्टच मुळात उसनवारीवर उभी राहिली, मग नववीतल्या मुलीचं काय घेऊन बसलात. पण बापू छत्र्यांनी पुस्तकाच्या नावातच इसापाचं नाव ठेवलं होतं. मी त्या चार पानांखाली माझं नाव घातलं.

आणि त्या पानांमुळे एक गोष्ट बाहेर राहिली. शेवटच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राची. तुमच्यातल्या काहींना आठवेल, बाईंनी ती नंतर वर्गात वाचून दाखवली होती. त्याच्या घराच्या भिंतीला लागून माग होते, आई कांड्या भरायची. रात्रंदिवस खडखडाट, आणि त्यात आजी गाढ झोपायची. एका रात्री लाइट जाते, सगळे माग एकदम थांबतात, आणि आजी दचकून उठते. "काय झालं रे? एवढं शांत का?" म्हणून घरभर सगळ्यांना चाचपत फिरते. लाइट येते, माग सुरू होतात, ती परत झोपते. संपली. वर्गात कुणीतरी विचारलं, "बाई, तात्पर्य?" बाईंनी वही मिटली आणि त्याला परत दिली.

मी मग माझीही एक लिहिली, वडिलांच्या स्कूटरवर. तिसऱ्या खेपेला बाईंनी 'ठीक' असा शेरा दिला. ती कुठेही छापली गेली नाही, तेच बरं. दहावीच्या पूर्वपरीक्षेत मुद्द्यांवरच्या गोष्टीला मी तात्पर्य लिहिलं नाही, दोन गुण गेले. बाई हसल्या. "परीक्षेत लिही ग. ते त्यांचं आहे. वहीत लिहू नकोस."

आता माझ्या मुलीच्या दहावीच्या पुस्तकातही कथालेखन आहे. अर्धी गोष्ट देऊन पुढची पूर्ण करायची, असाही प्रश्न असतो. मला तो आवडला, कारण बाईंनी मला नेमकं उलटं काम दिलं होतं. शेवट होता, आधीचं आणायचं होतं.

तो मित्र दहावीनंतर मागावर गेला. मेळाव्याच्या निमित्ताने समितीकडून त्याचा नंबर मिळाला आणि मागच्या महिन्यात मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. पाठीमागे मागांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मला वाटलं होतं माझं अक्षर वाईट म्हणून घेतली नाही." एकतीस वर्षं त्याला तसं वाटत होतं.

वही त्याच्याकडे राहिलेली नाही. पुन्हा लिहून दे, म्हटलं. बघतो, म्हणाला. माझ्या लेखानंतरची दोन पानं त्याच्यासाठी ठेवावीत अशी विनंती मी समितीला केली आहे. अंक छापायला जाईपर्यंत मजकूर आला नाही, तर वर त्याचं नाव घालून ती पानं कोरीच सोडावीत.