घोडबंदरची खाडी आणि समुद्राचा परवाना

प्राचीन काळ आणि आधुनिक काळाची सुरुवात यांच्यामधल्या सुमारे हजार वर्षांना ‘मध्ययुग’ म्हणण्याची रीत युरोपच्या इतिहासलेखनातून आली. तिच्या एका टोकाला रोमचे पतन आणि दुसऱ्या टोकाला प्रबोधन व सागरी शोध असल्यामुळे ही मोजपट्टी उत्तर कोकणाला जशीच्या तशी लावता येत नाही. येथील काळाची विभागणी करायचीच झाली, तर राजवंशांच्या याद्यांपेक्षा ‘पाण्यावर हक्क कोणाचा’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, आणि त्याचे उत्तर शोधायला मीरा-भाईंदरचा किनारा सोयीचा आहे. उल्हास नदीचा एक फाटा ठाण्याहून पश्चिमेकडे वळून घोडबंदर आणि भाईंदरवरून, उत्तर काठावरच्या वसईला वळसा घालून समुद्राला मिळतो. साष्टी बेटाचे उत्तर टोक आणि त्याला लागून असलेला उत्तन-डोंगरीचा धारावी बेटाचा भाग या खाडीच्या दक्षिण काठावर येतो, त्यामुळे उत्तरेकडून ठाण्याला जाणाऱ्या गलबतांची वाट याच काठावरून जात असे.

नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत येथे उत्तर कोकणच्या शिलाहारांची सत्ता होती. आरंभी ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते आणि पुढे व्यवहारात स्वतंत्र झाले. त्यांच्या राज्यात दूरदेशींच्या माणसांचा किती सहज वावर होता, हे काशीमीरा आणि चेणे ज्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहेत तिच्याच पोटातील कान्हेरी लेण्यांत दिसते. इ.स. ८५४ च्या सुमारास गौड देशातून, म्हणजे बंगालातून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने तेथील भिक्षूंसाठी द्रम्मांची (त्या काळच्या चांदीच्या नाण्यांची) कायम ठेव ठेवली, तर १००९ आणि १०२१ मध्ये इराणी वंशाच्या झरथुष्ट्री पाहुण्यांनी भिंतीवर पहलवी लिपीत आपली नावे कोरली. इ.स. ९२६ च्या चिंचणी ताम्रपटानुसार संजाण परिसराचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीने मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. परकी व्यापारी तेव्हा केवळ बंदरात उतरणारा ग्राहक राहिला नव्हता. राज्ययंत्रणेतही त्याला जागा होती.

या काळात राजाचा हक्क मुख्यतः बंदरात उतरलेल्या मालावर असे. तो जकात घेई. उघडा समुद्र मात्र कोणाच्या मालकीचा मानला जात नसे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याच्या राजाविषयी दिलेली हकीकत म्हणूनच विलक्षण वाटते. दख्खनच्या हवामानात आणि चाऱ्यावर लढाऊ घोड्यांची चांगली पैदास होत नसल्यामुळे ते अरबस्तान आणि इराणच्या आखातातून जहाजांनी आणावे लागत; आणि ठाण्याच्या राजाचा चाच्यांशी असा करार होता की लुटीतले घोडे राजाला मिळावेत व बाकीचा माल चाच्यांनी ठेवून घ्यावा. बंदरातली जकात आणि समुद्रातली लूट या दोन्ही वाटांनी एकाच राजाला लाभ होत होता, फक्त दुसरी वाट उघडपणे मान्य करण्यासारखी नव्हती.

त्याआधीच शिलाहारांचा शेवटही पाण्यावर झाला होता. यादव राजा महादेवाने शिलाहार राजा सोमेश्वराचा पाठलाग समुद्रापर्यंत केला आणि सोमेश्वर तेथेच बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या लेखनातून कळते. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर (रणात पडलेल्या वीरांच्या स्मारकशिलांवर) वल्ह्यांच्या युद्धनौकांची जी लढाई कोरलेली आहे, ती काही अभ्यासकांच्या मते हीच होय, तर काही जण ते दगड आणखी जुने मानतात. पुढे १३१८ मध्ये खिलजींचा अंमल आला आणि पंधराव्या शतकात माहीम व साष्टीसाठी गुजरात आणि बहमनी सुलतान झगडले. पण धनी बदलले तरी जकातीची पद्धत फारशी बदलल्याचे दिसत नाही.

बदल झाला तो डिसेंबर १५३४ मध्ये. गुजरातच्या बहादुरशहाने मुघल बादशहा हुमायूनच्या धास्तीने पोर्तुगीजांशी तह करून वसई आणि तिच्याखालचा मुलूख त्यांना दिला. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईला येऊन ‘कार्ताझ’, म्हणजे प्रवासाचा लेखी परवाना, घ्यावा, ही त्या तहातील अट मुलखाच्या दानाइतकीच महत्त्वाची होती. परवाना नसलेले जहाज धरले जाई. आता राजसत्ता केवळ मालावर नव्हे, तर पाण्यावरून जाण्याच्या क्रियेवरही कर लावू लागली. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर ठाण्याच्या राजाच्या छुप्या करारात आणि या परवान्यात मुख्य फरक कागदाचा होता, असे म्हणणे फारसे अन्यायाचे ठरणार नाही. पण हा कागद खुलेआम दाखवता येत असे, आणि तीच त्याची खरी ताकद होती.

कागदाला धाक हवा, म्हणून खाडीच्या दोन्ही काठांवर तटबंदी उभी राहिली. घोडबंदर आणि धारावीच्या टेकड्यांवर ठाणी बसली.  शिवाजी महाराजांच्या फौजेचा १६७२ मधील घोडबंदरवरचा प्रयत्न फसला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतले. मराठा सेनानी चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, वसई पडण्याआधी दक्षिण काठावरचे धारावी हाती असणे आवश्यक होते, कारण समोरच्या काठावरून वसईची समुद्राकडची वाट अडवता येत असे. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. तोपर्यंत परवान्याची कल्पना मराठ्यांच्या आरमारातही रुजली होती; कान्होजी आंग्रे यांची ‘दस्तके’ घेतल्यावाचून कोकण किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजांना ते पकडत असत, आणि इंग्रजांनी व पोर्तुगीजांनी त्याला चाचेगिरी म्हटले.