तेच कामगार, तीच युनियन, तोच कारखाना. मग दोन वर्षांत असं काय बदललं?

टेस्लाच्या इलेक्ट्रिक गाड्या जिथे तयार होतात, तो कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँट शहरातला कारखाना तुम्ही एखाद्या व्हिडिओमध्ये पाहिला असेल. पण तो टेस्लाने उभारलेला नाही. टेस्ला तिथे येण्याच्या पंचवीसेक वर्षं आधी त्याच छताखाली एक वेगळाच प्रयोग झाला होता. मनुष्यबळ व्यवस्थापन, म्हणजेच एचआर शिकणाऱ्यांना तो आजही शिकवला जातो.

त्यातला प्रश्न साधा होता. कंपनी नीट चालत नसेल तर दोष कुणाचा? काम करणाऱ्या माणसांचा, की त्यांच्याकडून काम करून घेण्याच्या पद्धतीचा? एरवी यावर फक्त वाद होतात. फ्रेमाँटमध्ये मात्र माणसं जवळपास तीच राहिली आणि पद्धत बदलली. त्यामुळे उत्तर सगळ्यांना डोळ्यांनी पाहता आलं.

सोमवारी लाइन सुरू करायची मारामार

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्स म्हणजे जीएमने हा कारखाना सुरू केला. पुढच्या वीस वर्षांत त्याची ख्याती अशी झाली की जीएमच्या सर्वात वाईट कारखान्यांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर. सोमवारी तर कधीकधी लाइन सुरू करायलाही पुरेशी माणसं नसायची. पाळी चालू असताना दारू, अचानक होणारे संप आणि युनियनकडे साठलेला तक्रारींचा ढीग, हे नेहमीचंच होतं. काही कामगार तर गाडीच्या दारात मुद्दाम बाटली टाकून ठेवायचे, म्हणजे ती आत खडखडत राहील आणि गिऱ्हाईक वैतागेल!

हे ऐकून कामगारच बेशिस्त होते असं वाटेल. पण तिथला मुख्य नियमही पाहायला हवा. काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही. बोल्ट सैल राहिला, चुकीचा भाग बसला, तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. दुरुस्ती नंतर, बाहेर आवारात. म्हणजे चूक ज्याच्या डोळ्यांसमोर व्हायची, त्याच्या सांगण्याला किंमत नव्हती. कामाचे ऐंशीच्या आसपास वेगवेगळे वर्ग होते आणि एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. वरिष्ठ ओरडणार आणि युनियन तक्रार ठोकणार, असा दोन्ही बाजूंचा रोजचा खेळ झाला होता.

मार्च १९८२मध्ये जीएमने कारखान्याला टाळं लावलं. हजारो लोक घरी बसले.

टोयोटाला इथे का यावंसं वाटलं?

त्याच काळात जपानी गाड्या अमेरिकेत जोरात खपत होत्या. अमेरिकेच्या दबावामुळे १९८१पासून जपानने गाड्यांच्या निर्यातीवर मर्यादा घालून घेतली होती. त्यामुळे टोयोटाला अमेरिकेतच गाड्या बनवायच्या होत्या, पण तिथले कामगार, युनियन आणि पुरवठादार यांचा अनुभव नव्हता. जीएमला छोटी, चांगली आणि नफा देणारी गाडी कशी बनवतात ते पाहायचं होतं.

१९८३मध्ये दोघांचा करार झाला आणि निम्म्या-निम्म्या भागीदारीत ‘न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग’ ही कंपनी उभी राहिली. तिला सगळे ‘न्यूमी’ म्हणू लागले. इमारत जीएमची, कारखाना चालवणार टोयोटा. पहिले अध्यक्ष होते टोयोटाचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांचे पुत्र तात्सुरो टोयोडा.

माणसं कोणती घ्यायची, हा खरा पेच होता. युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनचे पश्चिम विभागातले नेते जुन्याच कामगारांसाठी अडून बसले. त्यांचं नाव होतं ब्रूस ली! (पडद्यावरचे नव्हेत.) माणसं वाईट नव्हती, त्यांना वागवणारी व्यवस्था वाईट होती, असं त्यांचं म्हणणं होतं. टोयोटाने अखेर ते मान्य केलं. १९८४मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या कामगारांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास जुन्या फ्रेमाँटचेच होते. युनियनही तीच.

जपानची वारी आणि डोक्यावरची दोरी

शेकडो टीम लीडर आणि गटप्रमुखांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात काही आठवडे पाठवण्यात आलं. तिथे त्यांनी जपानी कामगारांच्या शेजारी उभं राहून काम केलं. कुणी अडखळला की कुणीतरी येऊन विचारायचं, काय अडलंय, मदत करू का? वीस वर्षं फोरमनचा आरडाओरडा ऐकलेल्या माणसांसाठी हे नवीन होतं.

फ्रेमाँटला परतल्यावर लाइनच्या बाजूने एक दोरी लावलेली होती. तिला ‘अँडॉन’ दोरी म्हणतात. काम वेळेत होत नसेल किंवा काही चुकलं असेल तर कामगाराने ती ओढायची. लगेच दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या वेळात अडचण सुटली तर लाइन चालू राहते, नाही तर थांबते. लाइन थांबली की पैसे जातात, तरीही हा अधिकार सर्वात खालच्या कामगाराच्या हातात दिला होता.

बाकीचे बदलही त्याच दिशेचे होते. पाच-सात जणांची टीम आणि त्यांच्यासोबत एक लीडर. उत्पादनातल्या सगळ्या कामगारांचा एकच वर्ग, त्यामुळे कामं आलटून पालटून करता येऊ लागली. साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये जेवू लागले, गाड्याही एकाच पार्किंगमध्ये लावू लागले. काम कसं करायचं याचे टप्पे कामगार स्वतः लिहून काढायचे आणि सुधारणा सुचवायचे. यालाच जपानीत ‘काइझेन’ म्हणतात.

पण दोरी ओढायची हिंमत कुठून आली?

इथेच या गोष्टीची मेख आहे. सुधारणा सुचवल्यामुळे चार माणसांचं काम तिघांत होऊ लागलं, तर चौथ्याची नोकरी जाणार, हे कुठल्याही कामगाराला कळतं. अशा ठिकाणी कुणी तोंड उघडणार नाही.

म्हणून १९८५च्या करारात नोकरीची हमी लिहिली गेली. कंपनीच्या अस्तित्वावरच बेतल्याशिवाय कामगार कपात नाही. तशी वेळ आलीच तर आधी व्यवस्थापकांचे पगार कमी करायचे आणि बाहेर दिलेली कामं परत आत आणायची.

१९८८मध्ये या हमीची परीक्षा झाली. शेवरले नोव्हा ही गाडी खपेना. कारखाना क्षमतेच्या ६० टक्क्यांहून कमी चालू लागला. जुन्या दिवसांत पहिली कुऱ्हाड कामगारांवर पडली असती. या वेळी कुणालाही काढलं नाही. रिकाम्या वेळात कामगारांना प्रशिक्षण दिलं, काइझेनच्या कामाला लावलं. त्यानंतर कागदावरच्या शब्दाला वजन आलं.

आकडे काय सांगतात?

गैरहजेरी २० टक्क्यांवरून दोन ते चार टक्क्यांवर आली. एमआयटीच्या संशोधकांनी १९८७च्या सुमारास तीन कारखान्यांची तुलना केली. एक गाडी जोडायला जीएमच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात ३१ तास लागत, न्यूमीत १९ आणि ताकाओकात १६. दर १०० गाड्यांमागे जोडणीतले दोष फ्रेमिंगहॅममध्ये १३०च्या आसपास होते. न्यूमीत ते ४५ होते, म्हणजे थेट जपानच्या बरोबरीने.

दुसरी बाजूही आहे

सगळं गोडगोड होतं असं नाही. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या लेखकांनी या पद्धतीला ‘तणावातून व्यवस्थापन’ म्हटलं. मिनिटातला प्रत्येक सेकंद कामात गेला की श्वास घ्यायला उसंत उरत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १९९३मध्ये नवं मॉडेल आणताना कामगारांच्या हात-पाठीच्या दुखण्यांकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, म्हणून कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने न्यूमीवर ठपकाही ठेवला.

मग जीएमने हे सगळीकडे का केलं नाही?

प्रयत्न झाले. न्यूमीत शिकून गेलेले व्यवस्थापक इतर कारखान्यांत पाठवले गेले. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात टीम पद्धत आणली गेली. पण तिथे व्यवस्थापकांचं कौतुक अजूनही गाड्यांच्या संख्येवरच व्हायचं. मग लाइन थांबलेली त्यांना कशी चालेल? कामगारांना वाटलं, ही युनियन मोडायची नवी युक्ती आहे. दोरी आली, विश्वास आला नाही. १९९२मध्ये तो कारखाना बंद पडला.

न्यूमीच्या प्रशिक्षणात सहभागी असलेले टोयोटाचे जॉन शूक यांनी पुढे याचा अर्थ लावला. माणसांचे विचार आधी बदला, मग वागणं बदलेल, असं कंपन्यांना वाटतं. फ्रेमाँटमध्ये उलट घडलं. आधी रोजचं काम आणि वागणूक बदलली, विचार त्यामागून आले.

शेवट कसा झाला?

२००९मध्ये जीएम दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली. टोयोटाने एकट्याने कारखाना चालवायचं नाकारलं. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची कोरोला बाहेर पडली आणि सुमारे ४,७०० जणांची नोकरी गेली. पंचवीस वर्षं टिकलेली हमी कंपनी संपल्यावर संपली. त्याच वर्षी टेस्लाने ही जागा ४.२ कोटी डॉलरना घेतली.

आज कुठल्याही ऑफिसात ‘बदल’ जाहीर झाला की सेमिनार होतात, भिंतींवर पोस्टर लागतात. फ्रेमाँटची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला तेव्हा दोनच गोष्टी विचाराव्याशा वाटतील. चूक दिसली तर काम थांबवायचा अधिकार कुणाला आहे? आणि थांबवणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी काय होतं?