धर्माची बाज

कुर्डुवाडीला मुंबईची गाडी सोडलीत की पलीकडच्या रुळांकडे चला, पण धावू नका. बार्शी लाईट तुम्हाला टाकून जाणार नाही, कारण तिला स्वतःलाच कुठं जायची घाई नाही. दोन रुळांमध्ये जेमतेम अडीच फूट अंतर. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली ही लाईन बार्शीपर्यंत आणली आणि तिथून ती रखडत रखडत १९११ साली लातूरला पोचली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचं गणित. भार कमी म्हणून रूळ हलके, रूळ हलके म्हणून खर्च कमी. वेग कमी, हे त्याच हिशेबात आलं.

तारीख आहे २१ फेब्रुवारी १९४१, शुक्रवार. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आज पाय ठेवायला जागा नाही. धुतलेले सदरे घातलेली पोरं, मुंडासं बांधलेली म्हातारी माणसं, भाकरीची गाठोडी मांडीवर घेतलेल्या बाया. उद्या आणि परवा कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद आहे आणि बाबासाहेब यायचे आहेत. तुमच्या शेजारचा म्हातारा सरकून तुम्हाला वीतभर जागा करून देतो आणि विचारतो, "कुठून येलालाव?"

तुम्ही पुण्याचं नाव सांगता.

"तडवळ्यालाच का?"

"नाही, लातूरला."

"कुणाकडं उतरणार?"

हा प्रश्न नीट ऐकून ठेवा. लातूरला पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही तो तुमची पाठ सोडणार नाही.

बार्शी इंग्रजांची. पुढं डोंगर लागतो आणि निजामाची हद्द सुरू होते. करोडगिरीचा शिपाई डब्यात चढतो. हैदराबाद संस्थानची स्वतःची जकात आहे, साधारण शेकडा पाच, आणि शिपायाला सगळ्या गाठोड्यांत माल दिसतो. तुमच्या पिशवीत पाकीटबंद बिस्किटं असतील तर बार्शीच्या आधीच खाऊन टाका. प्लास्टिक म्हणजे काय हे समजावून सांगण्याइतकी तुमची उर्दू चांगली नाही. इथून पुढं टपालाचं तिकीट वेगळं, रुपया वेगळा आणि सालही वेगळं: सरकारी कागदावर आता फसली १३५० चालू आहे आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी फारसी आहेत. तुमच्याकडचा इंग्रजी रुपया तो कळदार, इथला तो हाली. सहा कळदारांना सात हाली, असा ढोबळ भाव. हालीवर चारमिनार आहे. बाजारात कळदारही चालतो, फक्त वटाव कुणाच्या बाजूनं जातो तेवढं बघायचं.

तडवळ्याला डबा रिकामा होतो. म्हातारा उतरताना तुम्हाला रामराम करत नाही, जोहारही करत नाही. "जयभीम" म्हणतो आणि तुमच्या उत्तराची वाट न बघता गर्दीत मिसळतो.

बाबासाहेबांचा मुक्काम त्या गावातल्या शाळेत होता. कोलंबियाची आणि लंडनची डॉक्टरेट घेतलेला माणूस निजामाच्या मुलखात शाळेच्या खोलीत उतरतो, यात कुणाला साधेपणा दिसेल. मला त्याआधीचं १९३४ साल आठवतं. सहकाऱ्यांबरोबर ते दौलताबादचा किल्ला बघायला गेले होते. वेशीजवळच्या हौदावर कुणी तरी हातपाय धुतले आणि पाणी बाटवलं म्हणून केवढा गहजब झाला. या संस्थानात प्रवासाला निघायचं तर तिकिटाआधी मुक्कामाचा विचार करावा लागत होता, आणि तो सगळ्यांना सारखाच करावा लागत होता असं नाही.

ढोकी, मुरूड आणि मग लातूर. रूळ इथं संपतात. लातूरला समुद्र नाही, पण गाव मात्र बंदरच आहे: औसा, निलंगा, रेणापूरकडून गाड्यांनी आलेला माल इथं उतरतो, पोत्यांवर नावं पडतात आणि अडीच फुटांच्या रुळांवरून तो मुंबईकडे निघतो. बंदरात असतात ती सगळी माणसं इथं आहेत. दलाल, हमाल, तोलारी, टांगेवाले, रिकामटेकडे, आणि मुक्कामाला जागा शोधणारे तुमच्यासारखे.

टांगेवाला विचारतो, "कुणाकडं?"

डाक बंगला साहेबलोकांचा. मुसाफिरखाना आहे, पण तुमच्या खिशात मुंबईच्या एका आडत्याची चिठ्ठी आहे आणि ती तुम्हाला व्यापाऱ्यांच्या धर्मशाळेत घेऊन जाईल. टांगा गोलाईला वळसा घालतो तेव्हा मान बाहेर काढून बघा. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं १९१७ साली ही गोलाई आखली. गोल बाजार आणि त्यातून फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला चपला, एकाला मिरची, एकाला गूळ. डोळे मिटून फिरलात तरी नाकानं रस्ता सांगता येईल. आपल्याकडच्या गावांना बहुतेक वेळा आराखडा नसतोच. लातूरच्या बाजाराला तो आहे, आणि माझ्या मते अजूनही गावात त्याच्याइतकं विचारानं केलेलं दुसरं काम झालेलं नाही.

धर्मशाळा म्हणजे दगडी जोतं, पुढं ओसरी, आत चौक, वर लाकडी माडी. ओसरीवर मुनीमजी बसलेत. समोर उतरती पेटी, पेटीवर लाल बासनातली वही. चिठ्ठी वाचून ती घडी घालून ठेवतात, टाक दौतीत बुडवतात.

"नाव?"

तुम्ही सांगता. मोडीत ते एका झटक्यात उमटतं. टाक वर न उचलता मुनीमजी ओळ पुरी करतात आणि वरून बारीक वाळू भुरभुरवून वही वाकडी करतात. वाळू परत डबीत.

"आडनावावरून कळंना. जात?"

तुम्ही एकविसाव्या शतकातून आला आहात, त्यामुळे थोडे घुटमळता. मुनीमजींना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांना फक्त तुम्हाला खाली निजवायचं की माडीवर, आणि जेवायला कुठल्या खानावळीत पाठवायचं, एवढंच ठरवायचं असतं. ब्राह्मणाची वेगळी, लिंगायताची वेगळी, मारवाड्याचा बासा वेगळा. हे सगळं ते रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तशा सुरात सांगतात. आणि एक रकाना असा, की ज्याचं उत्तर आलं तर वही मिटते. डब्यातल्या म्हाताऱ्याला लातूरला यायचं असतं, तर त्यानं या ओसरीची पायरी चढायचा विचारही केला नसता.

"तीन राती राहता येईल. पैसे नाहीत. धर्माचं आहे. पण शिवरात तोंडावर आली, सिद्धेश्वराच्या जत्रेला लोक येतील, तवा आधीच निघालात तर बरं."

माडीवर सुंभाची बाज मिळते. बाजेच्या कोपऱ्यातल्या खाचांत ढेकणांची वस्ती पूर्वापार आहे. कंदील खाली धरलात तर दिसतील, म्हणून धरू नका. अंघोळीला चौकातला आड. पोहरा सोडला की दोर बराच वेळ हातातून सरकत राहतो, मग लांबून पाण्याचा आवाज येतो. तुम्हाला इथं २०१६ चा एप्रिल आठवणारच. याच वाटेनं, रुंद झालेल्या रुळांवरून, मिरजेहून दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली होती. मुनीमजींना सांगून बघा. रेल्वेनं तूर जाते, शेंगा जातात, हे त्यांना माहीत आहे. पाणी येतं म्हटल्यावर ते तुम्हाला उन्हात फिरू नका म्हणतील.

खानावळीत पाट, पितळी, ज्वारीची भाकरी. तुरीचं वरण घट्ट, वर करडईच्या तेलाची धार. शेंगदाण्याची चटणी मुसळानं कुटलेली, तेल सुटलेली. वाढणाऱ्या मावशी एक भाकरी झाली की दुसरी विचारत नाहीत, टाकतात. "खावा. पुण्याकडं काय मिळतंय?" यावर पुणेकरानं गप्प राहावं.

रात्री शेजारच्या बाजेवर नांदेडचा माणूस आहे, उस्मानशाही मिलसाठी रुई बघत फिरणारा. विडी पेटवून तो गप्पांना सुरुवात करतो आणि मुक्कामांची चव सांगू लागतो: हिंगोलीला डास, परभणीला पाणी चांगलं, अमक्या गावी खानावळवाली उधारी देते. मग म्हणतो, नांदेडला कधी जागा मिळाली नाही तर सरळ गुरुद्वाऱ्यात जायचं. हुजूर साहिबला. गुरू गोविंदसिंग तिथं १७०८ साली गेले. महाराजा रणजितसिंगांनी पंजाबातून पैसा धाडून वास्तू उभी केली. लंगरात पंगतीला बसायचं, पुढं येईल ते दोन्ही हात पसरून घ्यायचं.

"तिथं नाव विचारत नाहीत?" तुम्ही विचारता.

"कशाला विचारतील? बसला म्हणजे भूक लागली असंल." तो विडी विझवतो. "पर आपल्याला इथंच बरं वाटतंय बघा. आपली माणसं."

यावर वाद घालायचा मोह आवरा. त्याला झोप आली आहे, आणि तुम्हाला त्याच्यापेक्षा शहाणं ठरवणारी ऐंशीपेक्षा जास्त वर्षं तुम्ही स्वतः कमावलेली नाहीत. शिवाय या गावातल्या 'आपली माणसं' या शब्दांचं पुढं काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. लातूरलाच वकिली करणारा कासिम रझवी १९४६ मध्ये इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष होईल, रझाकार उभे राहतील, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा आत आल्यावर हे संस्थानच संपेल. माडीवरून खालच्या रस्त्यावर अत्तराच्या दुकानातली ग्यासबत्ती दिसते. दुकानदार आणि समोरचा वाणी फळकुटावर बसून पानं चघळतायत.

सकाळी गंजात जा. गाड्यांच्या रांगा लागल्यात. बैल सोडून चाकाला बांधलेत, जुवाखाली घोंगडी अंथरून माणसं नुकती उठतायत. निलंग्याकडचा एक शेतकरी तूर घेऊन आलाय. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहतात, हातावर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली बोटं धरतात. याला हत्ता म्हणतात. दोन बोटं दाबली, एक सोडलं, परत तीन दाबली. चेहऱ्यावर काही नाही. ज्याची तूर आहे तो चार पावलांवर उभा राहून उपरण्याच्या हालचालीकडे बघतोय. वर्षभराचं काम त्या कापडाखाली ठरतंय आणि भाव त्याला सगळ्यांत शेवटी कळणार.

तोल होतो, पट्टी लिहून होते. त्याला वाचता येत नाही, म्हणून तो ती तुमच्या हातात देतो. नशीब, कारकुनानं बाळबोधीत लिहिली आहे. मालाची रक्कम वर. खाली वजावट: आडत. हमाली. तोलाई. कडता, म्हणजे माती-कचऱ्यापोटी सरसकट कापलेलं वजन, तूर कितीही स्वच्छ असो. आणि शेवटच्या ओळीत धर्मादा.

"हे शेवटचं कशाचं?" तो विचारतो.

तुम्हाला माहीत आहे कशाचं. प्रत्येक पट्टीतून चिमूटभर कापायचं, व्यापाऱ्यांच्या वहीत धर्मादा खातं घालायचं, आणि त्यातून देवळाचा कळस, गाईंचा पांजरपोळ, पाणपोई, धर्मशाळा. दारावर दगडी पाटी लागते ती शेठजींच्या वडिलांच्या नावाची. काल रात्री तुम्ही फुकट निजलात ती बाज याच्यासारख्यांच्या तुरीतून विणलेली आहे. १९३० मध्ये संस्थानानं बाजाराचा कायदा केला तो असल्याच वजावटींना आळा घालायला, पण हैदराबादेत झालेला कायदा कापडाखालच्या बोटांपर्यंत यायला वेळ घेतो. व्यापारी लबाड होते असं म्हणून मोकळं होता येत नाही. धर्मशाळा त्यांनी खरोखर बांधल्या, विहिरी खरोखर खोदल्या. फक्त दानाच्या पाटीवर दात्याचं नाव चुकलं, आणि बहुतेक दाते रात्री गाडीखाली झोपले.

तुम्ही त्याला सांगता. तो ऐकतो, मान हलवतो.

"म्हंजी धर्माचंच की."

"तुम्ही का उतरत नाही तिथं?"

"बैलं कुणी सांभाळायची?" तुमच्या प्रश्नात काही अर्थ नसल्यासारखा तो हसतो. मग हाली रुपये धोतराच्या कमरेला खोचतो, दोनदा चाचपतो. "तुमच्या गाडीला वेळ हाय न्हवं? तेवढा कासरा धरा जरा. मीठ-मिरची घेऊन येतो. हा डावा मारका हाय, त्याच्या तोंडाम्होरं उभं राहू नका."