साथ, गटारे आणि निर्वासित : लिव्हरपूलचा धडा

इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याचे काम एप्रिल २०१३ मध्ये एनएचएसकडून पुन्हा स्थानिक कौन्सिलकडे आले, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानातही आले नसेल. ‘पुन्हा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. १९७४ पर्यंत हे काम नगरपालिकांकडेच होते, आणि त्याची खरी मुहूर्तमेढ लिव्हरपूलमध्ये रोवली गेली. माझे शिक्षण अभियांत्रिकीचे, पोट सॉफ्टवेअरवर. त्यामुळे या इतिहासात मला डॉक्टराइतकाच त्याच्या शेजारी उभा असलेला इंजिनिअरही दिसतो.

१८४० च्या सुमारास लिव्हरपूल हे साम्राज्याचे श्रीमंत बंदर होते, पण हजारो मजूर ओल्या, अंधाऱ्या तळघरांत राहत. एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात तिथल्या मजूरवर्गाचे मृत्यूसमयीचे सरासरी वय १५ वर्षे दिले आहे. अर्थात हा आकडा इतका खाली आला तो बालमृत्यूंमुळे. डॉ. विल्यम हेन्री डंकन हे गरिबांच्या दवाखान्यात काम करीत. त्यांनी वॉर्डवार मृत्यू मोजले आणि १८४३ मध्ये पुस्तिका काढून सांगितले, की दाटी आणि घाण हीच या मरणाची कारणे आहेत.

१८४६ मध्ये लिव्हरपूलसाठी खास आरोग्य कायदा झाला आणि १ जानेवारी १८४७ पासून डंकन देशातले पहिले नगर आरोग्य अधिकारी झाले. त्यांच्या जोडीला अभियंता जेम्स न्यूलँड्स आणि घरोघरी जाऊन घाणीची तपासणी करणारे टॉमस फ्रेश. एक मोजणारा, एक बांधणारा, एक दार ठोठावणारा. आजही कुठल्याही आरोग्य खात्याला ही तीन माणसे लागतात.

बस्तान बसायच्या आतच परीक्षा आली. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला आणि १८४७ या एका वर्षात सुमारे तीन लाख आयरिश माणसे लिव्हरपूलला उतरली, म्हणजे जवळजवळ शहराच्या लोकसंख्येइतकी. पुष्कळ जण पुढे अमेरिकेला गेले. उरले ते त्याच तळघरांत शिरले आणि टायफसची साथ भडकली. तात्पुरती इस्पितळे उभी राहिली, मर्सी नदीत जहाजांवर रुग्ण ठेवले गेले. शुश्रूषा करताना दहा कॅथलिक धर्मगुरू दगावले. १८४९ च्या कॉलऱ्याने आणखी पाच हजारांहून अधिक बळी घेतले.

न्यूलँड्स यांनी आधी सबंध शहराची बारकाईने मोजणी केली, मग १८४८ पासून दहा वर्षांत ८० मैलांहून अधिक नवी गटारे बांधली. गंमत अशी, की डंकन यांचा सिद्धांत चूक होता. दूषित हवेने रोग पसरतो असे ते मानीत. टायफस उवांमुळे पसरतो हे कळायला १९०९ साल उजाडले. तरी उपाय लागू पडले, कारण मोजणी खरी होती.

पण या कथेला काळी बाजूही आहे. तळघरे रिकामी करविली, मात्र त्या माणसांनी जायचे कुठे याची सोय झाली नाही. दाटी फक्त दुसऱ्या गल्लीत सरकली. आयरिश माणसे कायद्याने त्याच राज्याची प्रजा, तरी रोगाचा ठपका त्यांच्यावर बसला आणि १८४७ मध्ये सुमारे पंधरा हजारांना परत पाठवले गेले. वस्तुतः डंकन यांची पुस्तिका दुष्काळाच्या आधीची आहे. तळघरे आणि मरण, दोन्ही त्यांच्या येण्यापूर्वीच तिथे होती.

आपल्याला यावरून पुणे आठवल्यावाचून राहत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे शिपाई घराघरांत, पार स्वयंपाकघरापर्यंत शिरले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. प्लेगच्या इस्पितळाला लोक प्लेगइतकेच भ्यायले. हा केवळ आपल्या लोकांचा अडाणीपणा म्हणावा, तर १८३२ च्या कॉलऱ्यात लिव्हरपूलमध्येही दंगली झाल्या होत्या. डॉक्टर चिरफाडीसाठी माणसे मारतात, असा लोकांचा संशय होता! त्याच साथीत किटी विल्किन्सन या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या गरीब बाईने आपल्या घरचा पाणी तापवायचा बंब शेजाऱ्यांचे कपडे धुवायला खुला केला. त्यातूनच १८४२ मध्ये शहराचे सार्वजनिक धुलाईघर निघाले. इकडे आपल्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. लोकांचा विश्वास अशा माणसांवर बसतो, हुकमावर नव्हे.

नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडसाठी शहरभर सर्वांची चाचणी करण्याचा देशातला पहिला प्रयोगही लिव्हरपूलमध्येच झाला. सैनिक मदतीला होते, चाचणी फुकट होती. तरी गरीब वस्त्यांतून कमी माणसे आली. आजारी ठरलो तर मजुरी बुडेल, ही धास्ती त्यामागे होती. तळघर रिकामे करायला सांगितलेल्या माणसाची अडचण याहून फार निराळी नव्हती.

आपण इथे डॉक्टर आहोत, इंजिनिअर आहोत, आणि बाहेरून आलेलेही आहोत. उद्या नवी साथ आली तर पहिले बोट कदाचित आपल्यासारख्याच एखाद्या वस्तीकडे वळेल. तेव्हा नुसते रागावून भागणार नाही. आकडे मागावेत, त्या वस्तीत घरे किती दाट आहेत आणि माणसे कुठली कामे करतात ते विचारावे. आणि शेजारच्या आजीला कौन्सिलचे पत्र तिच्या भाषेत वाचून दाखवावे. आरोग्य खात्याचा तिसरा माणूस, दार ठोठावणारा, आपल्यातूनही निघू शकतो.